जागेची ओढ : व्यसनाच्या अभ्यासातील एक कसोटी

वऱ्हाडातील कपाशी बैलगाड्यांतून अकोला व अमरावतीच्या बाजारपेठांत येत असे, त्या काळातील गाडीवानांचा एक अनुभव जुन्या मंडळींना ठाऊक आहे. माल रिकामा करून रात्री परतताना गाडीवानाचा डोळा लागला, तरी बैल वाट चुकत नसत. एवढेच नव्हे, तर ज्या विहिरीपाशी किंवा ज्या झाडाखाली त्यांना नेहमी पाणी व कडबा मिळत असे, तेथे ते कोणी न सांगता थांबत. गाडीत त्या दिवशी कडबा असो वा नसो, पूर्वी मिळालेल्या सुखाची जागा त्यांच्या पायांना ठाऊक असे. प्राण्यांच्या याच स्वभावावर आधारलेली एक प्रयोगपद्धती गेल्या काही दशकांत व्यसनांच्या शास्त्रीय अभ्यासात रूढ झाली आहे. मराठीत तिला ‘स्थान-पसंती चाचणी’ असे म्हणता येईल.

उंदरांवरील या प्रयोगांची माहिती ग्रामपंचायतीच्या सदस्यांना किंवा शिक्षकांना कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, व्यसनमुक्तीच्या कार्यात त्यांना वारंवार पडणाऱ्या एका प्रश्नाशी या प्रयोगांचा निकटचा संबंध आहे. गावातील एखादा दारूच्या आहारी गेलेला गृहस्थ महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून येतो. त्याच्या हातांचा कंप थांबलेला असतो, त्याला भूक लागू लागलेली असते, आणि त्याने घेतलेली शपथही खोटी नसते. परंतु फाट्यावर एस.टी.तून उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांच्या आत तो पुन्हा त्याच ठिकाणी बसलेला आढळतो. गाव म्हणते, याच्या अंगी निश्चयच नाही. ज्या पत्नीने दागिना मोडून उपचारांचा खर्च केला, तिच्या पदरी निराशा येते. आणि पुढील वेळी त्याला केंद्रात पाठविण्यास नातेवाईकही पुढे येत नाहीत. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, याचा विचार करण्यास पुढील माहिती उपयोगी पडावी.

पेटीतील दोन कप्पे

चाचणीची मांडणी अगदी साधी आहे. एका आयताकृती पेटीचे दोन कप्पे करतात व मध्ये सरकते दार बसवितात. कप्पे आकाराने सारखे, परंतु रंगरूपाने निराळे असतात. एकाच्या भिंतींवर पट्टे, तर दुसऱ्याच्या एकरंगी. एकाची जमीन जाळीची, तर दुसऱ्याची बारीक गजांची. प्रथम दार उघडे ठेवून उंदराला सुमारे पंधरा मिनिटे मोकळे सोडतात आणि तो कोणत्या कप्प्यात किती वेळ रमतो, याची सेकंदांत नोंद करतात. त्यानंतर शिकवणीचे दिवस सुरू होतात. एके दिवशी त्याला मॉर्फिनसारखे द्रव्य टोचून एका कप्प्यात ठेवतात व दार बंद करतात. दुसऱ्या दिवशी मिठाचे निरुपद्रवी पाणी टोचून दुसऱ्या कप्प्यात ठेवतात. असे आलटून पालटून काही दिवस चालते. शेवटच्या दिवशी मात्र काहीही टोचीत नाहीत. दार उघडतात आणि उंदीर कोठे जातो, हे पाहतात.

त्या दिवशी उंदराच्या शरीरात मॉर्फिन नसते व कप्प्यातही ते ठेवलेले नसते. तरीदेखील तो पूर्वीपेक्षा अधिक वेळ त्या कप्प्यात घालवितो, तेथील जमीन हुंगतो, बाहेर पडून पुन्हा आत शिरतो. पहिल्या व शेवटच्या दिवसाच्या वेळेतील हा फरक म्हणजे त्या द्रव्याने निर्माण केलेल्या ओढीचे माप होय. उलटपक्षी, ज्या कप्प्यात त्याला द्रव्य बंद केल्यामुळे होणाऱ्या यातना भोगाव्या लागल्या, तो कप्पा तो टाळतो. म्हणजे याच पेटीत तिटकाराही मोजता येतो. हा नियम केवळ मादक द्रव्यांना लागू आहे, असे मात्र नाही. खाद्य, जोडीदाराचा सहवास, लहान पिलांचे आपसांतील खेळ यांमुळेही जागेची गोडी लागते. व्यसनाची द्रव्ये शरीराच्या या जुन्या, उपयुक्त यंत्रणेवर स्वार होतात, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

या विचाराचा एक महत्त्वाचा दुवा योगायोगाने हाती आला. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर हे उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून सौम्य विजेचे परिणाम अभ्यासत होते. एका उंदराला खोक्याच्या ज्या कोपऱ्यात विजेचा स्पर्श झाला, त्या कोपऱ्याकडे तो पुनःपुन्हा जाऊ लागला. धक्क्याला भिऊन त्याने तो कोपरा टाळावयास हवा होता. घडले नेमके उलट. पुढे कळ दाबल्यास वीज मिळेल, अशी सोय करून देताच उंदीर सतत कळ दाबू लागले. १९५४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि मेंदूत सुखाची जाणीव घडविणारे मार्ग आहेत, या कल्पनेला बळ मिळाले. डोपामिन या द्रव्याचे त्या मार्गांतील कार्य नंतरच्या संशोधनातून स्पष्ट होत गेले. मॉर्फिन व जागेची पसंती यांचा संबंध एच. डी. बीच यांनी १९५७ साली मांडला, आणि १९८०च्या दशकापासून ही चाचणी जगभरच्या प्रयोगशाळांत नित्याची झाली.

विदर्भातील प्रयोगशाळा

हे सारे दूरदेशी घडले, असे मात्र समजू नये. नागपूरनजीक कामठी येथील श्रीमती किशोरीताई भोयर औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील संशोधकांनी या चाचणीचा उपयोग तंबाखूतील निकोटीनच्या अभ्यासासाठी केला. त्यांचे निष्कर्ष २०१४ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निकोटीनमुळे लहान उंदरांना विशिष्ट कप्प्याची ओढ लागते. परंतु ‘अ‍ॅग्मॅटिन’ नावाचे द्रव्य दिल्यास ती ओढ कमी होते, असे त्यांत आढळून आले. अ‍ॅग्मॅटिन हे प्राण्यांच्या शरीरात आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तयार होणारे द्रव्य आहे, आणि ‘न्यूरोपेप्टाइड वाय’ या मेंदूतील दुसऱ्या एका द्रव्याच्या मार्फत ते हा परिणाम घडविते, असा या संशोधनाचा रोख आहे. तंबाखू सोडविण्याचे औषध यातून हाती आले, असा याचा अर्थ नव्हे. उंदराच्या पेटीपासून दवाखान्यातील गोळीपर्यंतचा पल्ला फार लांब असतो.

नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातही मॉर्फिनपासून मिळणाऱ्या सुखात मेंदूतील कोणती द्रव्ये भाग घेतात, याचा अभ्यास झालेला आहे. हे विद्यापीठ आज अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करते. खंजिरीच्या साथीने गावोगाव व्यसनमुक्तीचा प्रचार करणाऱ्या महाराजांचे नाव असलेल्या विद्यापीठात व्यसनाचे मेंदूतील मूळ शोधले जावे, हा योगायोग येथे नमूद करावासा वाटतो. अशा प्रयोगांवर प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये नियंत्रण असून प्रत्येक प्रयोगास संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची पूर्वसंमती घ्यावी लागते.

चाचणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उंदराला मुळातच अंधारा कोपरा आवडतो. त्यामुळे एक कप्पा उजेडाचा व दुसरा काळोखाचा असल्यास पसंती कशाची, हे सांगणे अवघड होते. निकोटीनची अल्प मात्रा ओढ लावते, तर मोठी मात्रा तिटकारा. दारूच्या बाबतीत तर गंमतच आहे. लहान उंदरांच्या काही जातींना दारूच्या कप्प्याची गोडी लागते, परंतु मोठे उंदीर पुष्कळदा तो टाळतात. तेव्हा एका प्रयोगावरून सरसकट अनुमान काढणारा संशोधक फसण्याचा संभव असतो.

शिवाय पसंती ही परिस्थितीनुसार बदलते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात नुकत्याच व्यालेल्या मादी उंदरांना एका कप्प्यात त्यांची पिले व दुसऱ्यात कोकेन, असा अनुभव देऊन २००१ साली तुलना करण्यात आली. प्रसूतीनंतर आठव्या दिवशी मातांनी पिलांचा कप्पा पसंत केला. सोळाव्या दिवशी कोकेनचा. पिले अगदी दुबळी असताना मातृत्वाची ओढ कोकेनलाही मागे सारते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मनुष्यावर असे प्रयोग थोडेच झाले आहेत. शिकागो येथे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना ज्या खोलीत अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक औषध देण्यात आले, ती खोली त्यांना नंतर अधिक आवडू लागल्याचे दिसले.

जागा शरीरालाही ठाऊक असते

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील शेपर्ड सीगल यांचा १९८२चा प्रयोग याहून गंभीर आहे. त्यांनी उंदरांना एका ठराविक जागी हेरॉइनच्या वाढत्या मात्रा देऊन सवय लावली. अखेरीस सर्वांना एकच मोठी मात्रा दिली. मात्र काहींना नेहमीच्या जागी व काहींना अनोळखी जागी. ज्यांना पूर्वी हेरॉइन कधीच मिळाले नव्हते, त्यांच्यापैकी सुमारे ९६ टक्के उंदीर मेले. सवय असलेल्यांपैकी अनोळखी जागी सुमारे ६४ टक्के मेले, तर नेहमीच्या जागी सुमारे ३२ टक्के. द्रव्य तेच, मात्रा तीच. केवळ जागा बदलल्याने मृत्यूचे प्रमाण दुप्पट झाले. याचा उलगडा असा की, ओळखीच्या जागी येताच शरीर येणाऱ्या विषाला तोंड देण्याची तयारी आधीच सुरू करते. ही तयारी झाली आणि विष मात्र आले नाही, तर माणसाला अस्वस्थता, घाम व तल्लफ यांचा अनुभव येतो. गुत्त्यासमोरून जाताना ‘पाय जड होतात’ असे दारू सोडलेली माणसे सांगतात, त्यामागे शरीराची ही शिकवण असू शकते. त्यास ढोंग म्हणणे बरोबर होणार नाही.

मनुष्याच्या बाबतीतील एक मोठे उदाहरण व्हिएतनाम युद्धाचे आहे. तेथील अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचे सेवन इतके पसरले होते की, १९७१ साली मायदेशी परतण्यापूर्वी त्यांची लघवी तपासण्याची व्यवस्था करावी लागली. ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. सुमारे एक-पंचमांश सैनिकांना व्हिएतनाममध्ये व्यसन जडले होते. परंतु त्यांच्यापैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेल्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्के एवढेच होते. युद्ध संपले, वय तरुण होते, घरी हेरॉइन सहज मिळत नव्हते, ही कारणेही त्यामागे आहेतच. तथापि व्यसनाची जागा हजारो मैल मागे राहिली, ही गोष्ट अभ्यासकांना महत्त्वाची वाटली.

आता आपल्या शिबिरार्थीकडे पाहू. त्याची स्थिती या सैनिकांच्या नेमकी उलट आहे. तो व्यसन सोडतो परक्या जागी आणि परततो व्यसनाच्या जागी. या अवस्थेचा प्रयोगही झालेला आहे. शिकलेली गोष्ट एका जागी पुसून टाकली, तरी मूळ जागी परतताच ती पुन्हा प्रकट होते, हे मार्क बूटन व रॉबर्ट बोल्स यांनी १९७९ साली उंदरांच्या भीतीसंबंधी दाखविले होते. २००२ साली क्रॉम्बाग व शाहाम यांनी तेच मादक द्रव्यांबाबत दाखविले. उंदरांना एका पेटीत कळ दाबून हेरॉइन व कोकेनचे मिश्रण घेण्याची सवय लागली. नंतर वेगळ्या वातावरणात कळ दाबूनही काही मिळेना, तेव्हा दीर्घ काळाने त्यांनी ती दाबणे सोडले. परंतु त्यांना पहिल्या वातावरणात नेताच ते पुन्हा कळ दाबू लागले. केंद्रात शिकलेला संयम काही अंशी केंद्राच्या भिंतींशीच बांधलेला राहतो. तो गावात उतरावयाचा, तर त्याची शिकवण गावातच, त्या फाट्यावर व त्या पारापाशी पुन्हा व्हावी लागते.

म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातून परतणाऱ्या माणसाचे पहिले काही आठवडे हे उपचारांचाच भाग समजणे अगत्याचे आहे. पुण्यात १९८६ साली अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणासारख्या संस्था उपचारांनंतरच्या पाठपुराव्यावर भर देतात, त्याचे मर्म येथे आहे. गावपातळीवर यासाठी मोठा निधी लागत नाही. एस.टी.च्या थांब्यावर उतरवून घेण्यास कोणी जावे, पहिल्या दिवसांत बाजाराच्या दिवशी व मजुरीच्या वा कापूस विक्रीच्या पैशाच्या दिवशी सोबत असावी, शेताकडे जाण्याचा गुत्ता टाळणारा रस्ता असल्यास तो धरावा. जुन्या जागेवरून जाणे अटळ असेल, तर प्रथम सोबतीने व दिवसाउजेडी जावे. तेथून काही न घेता परतण्याचा अनुभव जितक्या वेळा येईल, तितकी ओढ सैल होण्याचा संभव वाढतो. आणि एखादे वेळी पाय घसरला, तर महिनाभराचा उपचार वाया गेला, असे जाहीर करण्याची घाई पंचांनी करू नये, असे या लेखकाला आग्रहाने सांगावेसे वाटते. दारूसाठी १४४४६ व तंबाखूसाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिन्यांवर मार्गदर्शन विनामूल्य मिळते.

जागाच नाहीशी करणे हा दुसरा मार्ग होय. राज्य शासनाच्या २००८च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास दारू दुकानाबाबत मतदान घेता येते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक महिलांनी बंदीच्या बाजूने कौल दिल्यास दुकान बंद होते. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या नावाने हे मतदान महाराष्ट्रात सर्वांस परिचित आहे. परवानाधारक दुकान बंद झाल्यावर हातभट्टीने त्याची जागा घेऊ नये, याकडे अर्थातच लक्ष द्यावे लागते.

जागेप्रमाणे प्रसंगही ओढ लावतात. पोळ्याची कर, लग्नाची वरात, बारसे यांच्याशी दारूचे नाते जुळले, की तो दिवस उजाडताच तल्लफ जागी होते. हे नाते तोडण्याचा एक धडा वऱ्हाडनेच घालून दिलेला आहे. संत गाडगे महाराजांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनाने बालपणीच अंतरले, आणि लहानगा डेबूजी आईसह आजोळी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे वाढला. पुढे त्यांच्या मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू व मटणाची पंगत अपेक्षित होती. डेबूजींनी ती नाकारून गोडधोडाचे जेवण घातले. भाऊबंद रुष्ट झाले. बारसे मात्र झाले. प्रसंग तोच ठेवून त्यातील दारू तेवढी काढून टाकण्याची ही रीत प्रयोगशाळेच्या दृष्टीनेही अत्यंत सयुक्तिक आहे.

शाळेचे कुंपण

ओढ लागण्यापूर्वीच जागा दूर ठेवणे सर्वांत सोपे. आणि येथे शिक्षकांचा संबंध येतो. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के आहेत, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. विदर्भात ही तंबाखू बहुधा खर्ऱ्याच्या रूपाने तोंडात जाते. जुलै २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे. पण सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेला खर्रा पानठेल्यावर हातोहात मिळतो. घोटण्याचा आवाज, चुन्याचा वास, ठेल्यापुढचा बाक व मित्रांचा घोळका या साऱ्या गोष्टी पेटीतील पट्टेदार भिंतींचेच काम करतात. मधल्या सुट्टीत दररोज तेथे उभा राहणारा मुलगा खर्रा खाण्यापूर्वीच ती जागा शिकत असतो.

तंबाखू नियंत्रणासंबंधीच्या २००३च्या केंद्रीय कायद्यान्वये शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करण्यास मनाई आहे. हे अंतर शाळेच्या फाटकापासून किंवा वर्गखोलीपासून मोजावयाचे नसून आवाराच्या बाहेरच्या हद्दीपासून सर्व बाजूंनी मोजावयाचे असते. त्यामुळे शाळेच्या मागील गल्लीतील ठेलाही कक्षेत येतो. २०१९च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार या अंतरावर रस्त्यावर पिवळी रेषा आखणे अपेक्षित आहे. ग्रामपंचायत व मुख्याध्यापक यांनी एक मोजपट्टी व रंगाचा डबा घेऊन एका सकाळी हे काम उरकता येते. रस्त्यावरचा रंग पावसाने व वाहनांनी पुसला जातो. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा रेषा ठळक आहे की नाही, हे त्याच सुमारास पाहून घ्यावे.